घरातलं आजारी माणूस अंगावर येतं तेव्हा काय करायचं

आधी एक सांगते, स्किझोफ्रेनिया (भास, संशय होणारा मनाचा आजार) किंवा बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी येणारा आजार) असलेली बहुतेक माणसं कुणालाच मारत नाहीत, पण गोळ्या सुटल्या, दारू-गांजा सुरू झाला किंवा "हे लोक माझ्या जेवणात विष घालतात" असा संशय डोक्यात बसला की धोका वाढतो, आणि मार बहुतेक वेळा सांभाळणाऱ्यालाच बसतो, त्यातही आईला जास्त.

झोप कमी होणं, येरझाऱ्या, एकटंच पुटपुटणं, रोखून बघणं, अशी तुमच्या माणसाची लक्षणं लिहून ठेवा आणि दिसली की लगेच डॉक्टरला फोन, वाट बघू नका. गोळ्या घेतच नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा, बऱ्याच घरच्यांना हे माहीतच नसतं.

भडका उडाला की वाद नको. भास खोटा आहे हे त्या क्षणी पटवता येत नाही, "तुला खूप भीती वाटतेय ना" एवढंच हळू आवाजात बोला, हात लावू नका, दोन हात लांब राहा, दरवाजा तुमच्या बाजूला हवा आणि वाटेत उभं राहून त्याला कोंडू नका. सुऱ्या, कात्र्या, जास्तीच्या गोळ्या आधीच कुलपात. मुलांनी कुठल्या शेजाऱ्याकडे पळायचं ते शांत दिवशीच ठरवा.

मारलं तर बाहेर पडा आणि मदत बोलवा, पोलिसांना आजाराचं नाव आणि चालू औषधं सांगा. मार लपवू नका, डॉक्टरला स्पष्ट सांगा, त्यावरूनच उपचार बदलतात. आणि वेगळं राहायची वेळ आली तरी त्याला टाकलं असं होत नाही हो, लांबूनही काळजी घेता येते.