आठवी ते दहावीचा वर्ग कसा सांभाळावा

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, साधारणतः जूनच्या अखेरीस सुरू होतात, आणि त्याच वेळी पेरणीची धांदल असल्याने अनेक मुले वावरात असतात. म्हणून वर्गाचे नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून मोकळे होऊ नये. हजेरी स्थिरावली की त्यासाठी एक पूर्ण तास काढावा, मुलांना विचारून तीन किंवा चारच नियम ठरवावेत आणि ते त्यांच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावावेत. एक जण बोलत असताना इतरांनी ऐकावे. गृहपाठ झाला नसेल तर तास सुरू होण्यापूर्वी सांगावे. कोणाच्या जातीवरून, घरावरून किंवा बोलीवरून कोणी बोलू नये. हा शेवटचा नियम शिक्षकालाही लागू असतो. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणारे मूल उत्तर देताना अडखळले आणि खुद्द शिक्षकच हसला, तर ते मूल वर्षभर एक तर गप्प बसते किंवा वर्ग डोक्यावर घेते.

बैठक ठरवताना कोण कोणत्या गावाहून येते हे पाहावे, कारण एसटीतले भांडण पहिल्या तासाला वर्गात उतरते. दर पंधरा दिवसांनी सर्वांच्याच जागा बदलाव्यात, म्हणजे जागा बदलणे ही शिक्षा वाटत नाही.

तासात कोणी व्यत्यय आणला तर लगेच आवाज चढवू नये. आधी क्षणभर थांबावे, मग शिकवणे चालू ठेवूनच त्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे, तेवढ्याने भागले नाही तर हळू आवाजात फक्त नाव घ्यावे, आणि उरलेले बोलणे तास संपल्यावर एकांतात करावे. या वयात सोबत्यांसमोर झालेला अपमान मुलाला कोणत्याही शिक्षेपेक्षा जास्त लागतो, आणि मान वाचवण्यासाठी ते उलट उत्तर देते. मग प्रश्न शिस्तीचा न राहता हार-जितीचा होतो. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा डिसेंबरमध्ये रोज कर्कटकाने बाक कोरत बसे आणि हाक मारली की तुटून बोले. मी त्याच्या बाकावर हात ठेवून धडा वाचत राहिलो, आणि मधल्या सुट्टीत हातपंपाजवळ विचारले, "रात्री झोपला होतास का?" तो म्हणाला, "सर, रात्रीची लाइन होती. बाबासंगं गव्हाले पाणी द्याले गेलतो." लाइन म्हणजे शेतीपंपाची वीज, ती रात्रीची होती. त्या आठवड्यात मी त्याला पहिल्या तासाला पाठ म्हणायला उभे केले नाही, बाक कोरल्याबद्दल मात्र त्यानेच पॉलिश पेपर आणून तो घासून दिला. कारण समजून घेणे आणि चूक भरून घेणे ही दोन्ही कामे करावी लागतात, आणि ती याच क्रमाने करावीत.

छडी, कोंबडा करणे, वर्गाबाहेर उभे करणे आणि एकासाठी साऱ्या वर्गाला शिक्षा देणे हे मार्ग पूर्णपणे सोडावेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी दहावीतल्या मुलाला मारणेही तितकेच चुकीचे आहे.

पालकांना निरोप पाठवताना दिवस पाहावा. दिवाळीनंतर कापूस वेचणी चालू असते, आणि शाळेत बोलावले की त्या माउलीची दिवसाची मजुरी बुडते. त्याऐवजी सायंकाळी आपण घरी जावे, आणि पहिली भेट तक्रारीची नसावी. मुलाची एखादी नेमकी चांगली गोष्ट, उदाहरणार्थ त्याने लहान वर्गातील मुलांना एसटीत जागा करून दिली, ही आईवडिलांसमोर सांगावी.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाण्याचा प्रश्न वेगळा हाताळावा. तासाला वारंवार थुंकायला बाहेर जाणाऱ्या मुलाचा खिसा सर्वांसमोर तपासू नये. पुडी एकांतात मागून घ्यावी, सवय कधीपासून आहे ते विचारावे आणि पालकांना विश्वासात घेऊन आरोग्य केंद्रात न्यावे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा फाटकासमोरच्या टपरीबद्दल मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार करावी. मूल अचानक गप्प झाले, घरी जायला घाबरू लागले किंवा अंगावर वळ दिसले, तर ती बेशिस्त समजू नये. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करावा.