मुलाच्या नावावर आलेला जादा पैसा कुठे गेला, ते कसं शोधायचं

कॅलिफोर्नियात नव्यानं आलेल्या मराठी घरांना एक सल्ला हमखास मिळतो: शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहून टाका, म्हणजे टेस्टची कटकट नको. मी इथल्या एका सरकारी शाळेत पालक समितीवर बसते, आणि हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

त्या फॉर्मवर चारच प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोललं, घरी जास्त करून कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता आणि घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. पहिल्या तिन्हीपैकी एकाचं जरी उत्तर मराठी असलं, की ‘एलपॅक’ची, म्हणजे मुलाला इंग्रजी किती येतं हे पाहणारी राज्याची, सुरुवातीची चाचणी होते. फक्त आजी-आजोबा मराठी बोलतात म्हणून चौथ्यात मराठी आलं असेल, तर शाळा तारतम्यानं ठरवते. खरं तेच लिहा. मूल इंग्रजीत तयार असेल, तर त्या पहिल्याच चाचणीत सुटतं. नसेल, तर त्याला रोज ठरावीक वेळ इंग्रजी शिकवणं शाळेला भाग पडतं. यात कुणी उपकार करत नाही. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्समध्ये, न समजणाऱ्या भाषेत वर्गात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

आता पैसा. 2013 पासून राज्य ज्या सूत्रानं शाळांना निधी देतं, त्याला ‘एलसीएफएफ’ म्हणतात. इंग्रजी शिकणारी, कमी उत्पन्नाच्या घरातली आणि फॉस्टर केअरमधली (सरकारी देखरेखीखाली, आईबापांपासून दूर राहणारी) मुलं, अशी ही गणती असते. अशा प्रत्येक मुलामागे मूळ अनुदानाच्या 20 टक्के जादा मिळतात. डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, त्यांचं प्रमाण 55 टक्क्यांच्या वर असेल, तर त्या वरच्या हिश्श्यासाठी आणखी 65 टक्के. एकाहून जास्त गटांत बसणारं मूल एकदाच मोजतात. मोजणीचा दिवस ऑक्टोबरचा पहिला बुधवार.

मात्र हा पैसा डिस्ट्रिक्टच्या खात्यात पडतो, मुलाच्या बाकापर्यंत आपोआप पोचत नाही. तो शोधायचा ‘एलकॅप’ या आराखड्यात, म्हणजे पैसा कशावर खर्च करणार हे डिस्ट्रिक्ट जिथे मांडतं तिथे. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर तो असतो, शेकडो पानांचा. सगळा वाचायचा घाट घालू नका. कामांच्या तक्त्याकडे जा आणि ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ हा रकाना पाहा. तिथे ‘येस’ असेल, तर ते काम या जादा पैशाच्या हिशेबात धरलंय. मग शेजारी ते कुणासाठी आहे ते वाचा. ‘लिमिटेड’ म्हणजे ठरावीक मुलांसाठी. ‘एलईए-वाइड’ म्हणजे सगळ्यांसाठी, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. सगळ्यांसाठीचं काम बेकायदा नसतं, पण ते मुख्यतः या मुलांसाठी कसं आहे, याचं स्पष्टीकरण डिस्ट्रिक्टला त्याच आराखड्यात द्यावं लागतं. ते गुळमुळीत वाटलं, तर ओळ आणि पान क्रमांक टिपून ठेवा.

बोलायचं कुठे? शाळेत इंग्रजी शिकणारी 21 किंवा जास्त मुलं असतील तर ‘ईलॅक’ ही त्यांच्या पालकांची समिती हवीच. डिस्ट्रिक्टमध्ये अशी 51 किंवा जास्त असतील तर डिस्ट्रिक्टच्या पातळीवरची तशीच समिती, ‘डीलॅक’. ‘निधी कुठे जातो?’ असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: ‘अमुक ओळीतल्या रकमेतून आमच्या शाळेत किती शिक्षक आले, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ते आठवड्यात किती तास मिळतात?’ एलकॅपसाठी नेमलेल्या पालक समितीनं लेखी टिप्पणी दिली, तर सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून समितीकडून लेखीच द्या. आराखडा 1 जुलैपर्यंत डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडून मंजूर व्हावा लागतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते. मे महिन्यातच बोर्डाच्या सभेचा अजेंडा बघायला लागा. जूनमध्ये गेलात तर बहुतेक वेळा सगळं ठरलेलं असतं. इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा आधीच मागा, तो तुमचा हक्क आहे.

दरवर्षी वसंतात एलपॅक पुन्हा होते. चौथी पातळी, शिक्षकांचं मत, इतर चाचणीतले गुण आणि तुमचं मत जुळलं, की मूल ‘इंग्रजी शिकणारी मुलं’ या गटातून बाहेर पडतं. पुढची चार वर्षं शाळा त्याच्यावर लक्ष ठेवते. डिस्ट्रिक्टचा पैसा बुडेल म्हणून पोराला गटात अडकवून ठेवायला कुणी सुचवलं, तर साफ नाही म्हणा.

उत्तर आलंच नाही, तर डिस्ट्रिक्टकडे ‘युनिफॉर्म कंप्लेंट’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीची औपचारिक तक्रार, द्या. आराखड्याबद्दलची तक्रार निनावीही चालते. निकाल पटला नाही, तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे अपील करता येतं.