मुस्लिम पाहुणा येणार असेल तेव्हा : मद्य टाळून पाहुणचार कसा करावा

मुंबईत घरच्या कार्याला मुस्लिम स्नेही येणार असले की यजमान बहुधा दोनच गोष्टींची खात्री करून घेतात : मटण हलाल दुकानातले आहे ना, आणि ताटात कुठे डुकराचे मांस आलेले नाही ना. एवढे झाले की ते निर्धास्त होतात, आणि जेवणाच्या शेवटी रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा केक कापला जातो. पाहुणा ‘गोड नको, पोट भरले’ असे म्हणून तो तुकडा बाजूला सारतो आणि यजमानाला त्याचे खरे कारण कधीच कळत नाही. मी मुंबईत राहणारा कोकणी मुसलमान आहे. असे पुष्कळ तुकडे मी आजवर बाजूला सारलेले आहेत, म्हणून यजमानांसाठी हे लिहीत आहे.

तयारीला लागण्यापूर्वी नेमके काय निषिद्ध आहे ते समजून घ्यावे, कारण ते समजले की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. कुराणात मद्याची मनाई एकदम आलेली नाही. दुसऱ्या अध्यायातील २१९व्या आयतीत मद्य आणि जुगार यांत लोकांना काही लाभ असला तरी त्यांतील पाप त्या लाभाहून मोठे आहे असे सांगितले आहे. चौथ्या अध्यायातील ४३व्या आयतीत नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका असे बजावले आहे. आणि पाचव्या अध्यायातील ९०व्या व ९१व्या आयतींत मद्य हे सैतानाचे घाणेरडे काम असून त्यापासून दूरच राहा असा अंतिम आदेश दिला आहे. तेथे आलेला शब्द ‘खम्र’ असा आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ झाकणे असा आहे. डोके झाकणारी ओढणी म्हणजे ‘खिमार’, ती याच धातूची. आणि दुसरे खलिफा हजरत उमर यांनी खम्रची व्याख्याच ‘बुद्धीला झाकणारी गोष्ट’ अशी केली. गंमत म्हणजे पावाच्या पिठात घालतात ते खमीरसुद्धा त्याच धातूचे आहे, आणि ते मात्र कोणत्याही मुसलमानाला वर्ज्य नाही.

या एका फरकात सगळी गोम आहे. आंबणे निषिद्ध नाही, नशा आणणे निषिद्ध आहे. इडलीचे पीठ, दही, पाव, फार पिकलेले केळे यांत निसर्गतःच अल्कोहोलचा अंश असू शकतो. पण ते पोटभर खाऊनही कोणाला नशा येत नाही, म्हणून त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट ज्या पेयाचे पुष्कळ प्रमाण नशा आणते त्याचे थोडे प्रमाणही हराम आहे असे पैगंबरांचे वचन आहे, आणि त्यामुळे ‘एक चमचाच तर घातली आहे’ हा यजमानाचा खुलासा कितीही प्रांजळ असला तरी निरुपयोगी ठरतो. थोडक्यात, पदार्थात अल्कोहोलचा रेणू सापडतो का हे शोधत बसू नये. त्यात दारू घातली आहे का, आणि तो पदार्थ नशा आणणारा आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

हेच तत्त्व नीरेला लावून पाहिले की ते चांगले ध्यानात येते. मुंबईत मिळणारी ताजी, थंड नीरा म्हणजे झाडाचा न आंबलेला रस, आणि तो पिण्यास हरकत नाही. तोच रस उन्हात काही तास राहून फसफसू लागला की त्याची ताडी होते, आणि ताडी हराम आहे. नारळाच्या माडीचेही तसेच. पैगंबरांसाठी खजूर पाण्यात भिजवून गोड पेय करीत असत, ते तिसऱ्या दिवसापर्यंत पीत आणि उरलेले टाकून देत, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत, आले आहे. त्यामुळे पाहुण्यांना नीरा द्यायची असेल तर ती ऐन वेळी आणावी, आदल्या दिवशी आणून बाटलीत भरून ठेवू नये.

आता खरेदीकडे वळू. वेष्टनावरील हिरव्या ठिपक्यावर विसंबणे ही सर्वांत सामान्य चूक होय, कारण तो ठिपका केवळ पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. अंडे न घालता रम घालून केलेल्या केकवरही तो असू शकतो. दुसरी अडचण ‘नॉन-अल्कोहोलिक’ या शब्दाची आहे. भारतात अन्नसुरक्षेच्या २०१८च्या नियमांनुसार ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्य गणले जाते, म्हणजे त्याखालील पेय कायद्याने मद्य ठरत नाही. शून्य टक्के लिहिलेल्या बिअरबद्दल उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत, आणि अनेकांना मद्याची नक्कलसुद्धा नकोशी वाटते. म्हणून असे काही आपण होऊन पुढे करू नये. कोम्बुचा हा आंबवलेला चहा असल्याने तोही टाळलेला बरा.

स्वयंपाकघरातील बाटल्या एकदा उजेडात धरून वाचाव्यात. जपानी पदार्थांत घालतात ती खरी मिरीन म्हणजे सुमारे १४ टक्के अल्कोहोलची गोड दारूच आहे. चिनी पदार्थांतील ‘कुकिंग वाइन’ नावावरूनच ओळखू येते. नैसर्गिक पद्धतीने आंबवलेल्या सोया सॉसमध्ये अल्कोहोलचा थोडा अंश तयार होतो, पण तो सॉस कोणी नशेसाठी पिऊ शकत नाही, म्हणून बहुतेक लोक तो वापरतात. व्हॅनिलाच्या बाबतीत मात्र बाटली नीट पाहावी : अमेरिकी पद्धतीच्या व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावे लागते, तर आपल्याकडील स्वस्त इसेन्स पुष्कळदा प्रॉपिलिन ग्लायकॉल या दारू नसलेल्या द्रावकात केलेला असतो. येथे, एरवी क्वचित घडते तसे, स्वस्त वस्तूच अधिक सोयीची ठरते.

व्हिनेगरबद्दल यजमान विनाकारण घाबरतात. सिरका, म्हणजे व्हिनेगर, हे उत्तम कालवण आहे असे खुद्द पैगंबरांचे वचन आहे, त्यामुळे साधे व्हिनेगर खुशाल वापरावे. अडचण येते ती मद्यात मुद्दाम काही मिसळून केलेल्या सिरक्याची. शाफई आणि हनफी हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे आहोत, आणि त्या मतानुसार मद्य आपोआप आंबट होऊन सिरका झाले तर ते शुद्ध, पण काही मिसळून केले तर नाही. मुंबईतील उत्तर भारतीय मुसलमान बहुतांशी हनफी आहेत आणि त्यांच्या मते दोन्ही चालतात. यजमानाने या वादात पडण्याचे कारण नाही. साध्या व्हिनेगरची बाटली हाताशी असताना ‘रेड वाइन व्हिनेगर’ वापरू नये, म्हणजे प्रश्न सुटला.

‘शिजवताना दारू उडून जाते’ हा समज जवळजवळ प्रत्येक हौशी स्वयंपाक्याच्या तोंडी असतो, आणि तो खोटा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटे शिजवल्यावर ४० टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीसुद्धा ५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. ज्योत पेटवून ज्या पदार्थाचे कौतुक होते त्यात तर ७५ टक्के तसेच असते. आणि ते समूळ उडून गेले असते तरी पाहुण्याची हरकत राहिलीच असती, कारण त्याच्या दृष्टीने दारू विकत आणून अन्नात ओतणे हेच मुळात चुकीचे आहे.

जेवण बाहेरून मागवत असाल तर केटररला ‘दारू नको’ असे मोघम सांगू नये, कारण तो ते पेयांबद्दल समजतो. सॉसमध्ये, मॅरिनेशनमध्ये, केकच्या पाकात किंवा आइस्क्रीममध्ये रम, वाइन, ब्रँडी वा लिकर आहे का, असे एकेक नाव घेऊन विचारावे. तिरामिसू हा इटालियन गोड पदार्थ, चॉकलेट रम बॉल आणि नाताळातील प्लम केक यांची विशेष चौकशी करावी. वांद्र्याला नाताळच्या कितीतरी आधीपासून सुका मेवा रममध्ये भिजत पडलेला असतो. गोव्याकडील सान्नांचे (इडलीसारख्या तांदळाच्या पदार्थाचे) पीठ पारंपरिक रीतीने ताडीने आंबवतात, हेही ध्यानात असू द्यावे. ताटे-पेल्यांची मात्र अकारण काळजी नको. इतरांच्या भांड्यांविषयी विचारले असता, दुसरी मिळत नसतील तर पाण्याने धुऊन त्यांत खा, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. स्वच्छ धुतलेला पेला पुरेसा आहे. शक्य असल्यास दारूचे पेले वेगळे ठेवावेत, इतकेच.

ताटात काही नसले तरी टेबलावर असणे हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि यजमान नेमके तेथेच गडबडतात. ज्या पंगतीत मद्य फिरते तेथे बसू नये अशी हदीस आहे. शिवाय मद्याच्या संदर्भात दहा जणांचा धिक्कार केला गेला आहे, आणि त्यांत केवळ पिणारा नाही. गाळणारा, विकणारा, विकत घेणारा, वाहून नेणारा, ओतून देणारा आणि त्याची किंमत खाणाराही आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की समारंभात मद्य ठेवायचेच असेल तर ते दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवावे, जेवण आधी वाढावे, आणि पाहुणा मद्य सुरू होण्यापूर्वी निघाला तर त्याला आग्रहाने थांबवू नये. ‘जाता जाता खालच्या दुकानातून दोन बाटल्या घेऊन ये’ किंवा ‘तू पीत नाहीस, मग तूच ओत’ असे हसत हसतसुद्धा सांगू नये. असे सांगणाऱ्याला तो विश्वास वाटतो, आणि ऐकणाऱ्याला संकोच.

कार्यालयातील सहकाऱ्यांच्या जेवणावळीत हाच मुद्दा पैशाच्या रूपाने येतो. सर्वांकडून सारखी वर्गणी काढून त्यातून मद्याचे पैसे दिले की न पिणाऱ्यानेही मद्य विकत घेतल्यासारखे होते, आणि चारचौघांत हिशेब काढणे त्याला अवघड जाते. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागत असल्याने उपाहारगृहांच्या हिशेबात त्याची रक्कम बहुधा वेगळी दाखवलेली असते. ऑर्डर देतानाच दोन स्वतंत्र बिले मागावीत आणि मद्याचे बिल पिणाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यावे.

भेटवस्तूंबाबत थोडेच सांगायचे आहे. विमानतळावरून आणलेल्या चॉकलेटांत लिकर भरलेली नाही ना ते पाहावे. सुगंध द्यायचा असेल तर महंमद अली रोडवरील दुकानांतून तेलात केलेले अत्तर घ्यावे. स्प्रेमधील अल्कोहोल द्राक्षे वा खजुराचे नसेल तर चालते असे अनेक हनफी उलेमा म्हणतात, परंतु शाफई मत याबाबत अधिक कडक आहे. पाहुण्याला खोकला झाला म्हणून घरातील द्राक्षासव पुढे करताना बाटलीवरचा मजकूर आधी दाखवावा, कारण आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार झालेले असते. दुसरे औषध उपलब्ध नसेल तर गरजेपुरती सूट अनेक उलेमांनी मान्य केली आहे. पण ती घ्यायची की नाही हे आजाऱ्याने ठरवायचे असते.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. ‘आमच्या ऑफिसातला अमका तर घेतो’ आणि ‘गालिब नव्हता का पीत?’ ही दोन वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता मी त्यांवर नुसता हसतो. गालिब पीत होता हे खरे आहे, आणि त्याने ते कधी लपवलेही नाही. म्हणून मनाई सैल होत नाही. पाहुण्याला कारण विचारू नये, धीर देऊ नये, आणि ‘तुझ्यासाठी खास’ असे म्हणत सर्वांदेखत त्याच्या पुढ्यात सरबत ठेवून त्याला उघडे पाडू नये. कोकम सरबत, सोलकढी, लिंबू-सोडा हे सगळ्यांसाठीच, सारख्याच पेल्यांत, भरपूर ठेवावे. आणि ज्या बाटल्या व पुडे वापरले त्यांची वेष्टने पाहुणे जेवून उठेपर्यंत कचऱ्यात टाकू नयेत; कोणी हळूच विचारले तर ओट्यावरून उचलून त्याच्या हातात देता येतात.