घराशेजारी शेळीपालन: चार शेळ्यांपासून सुरुवात कशी करावी

नवखे शेळीपालक बहुधा आधी शेळ्या आणतात आणि मग चाऱ्यासाठी वणवण करतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. घरालगत दोन-तीन गुंठे मोकळी जागा असेल, तर तीन-चार शेळ्यांनी सुरुवात करणे पुरेसे आहे, आणि त्या दारात येण्यापूर्वी निदान एक पावसाळा चाऱ्याच्या लागवडीला मिळालेला असावा.

चारा

बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावावी. पाण्याची सोय असल्यास थोडा दशरथ घासही करावा. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी आहे, त्यामुळे पाला जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा, कारण पायाखाली तुडवलेल्या, लेंड्यामुताने माखलेल्या पाल्याला ती तोंड लावत नाही. सुबाभळीत मिमोसीन हा अपायकारक घटक असल्याने तिचे प्रमाण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवावे. तूर आणि हरभऱ्याचे भुसकट सुगीतच भरून ठेवावे. मोठ्या शेळीला दिवसाला साधारणतः ३ ते ४ किलो हिरवा चारा, १ किलोच्या आसपास वाळला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो.

गोठा

प्रत्येक मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळे आवार द्यावे. महागड्या पत्र्यांपेक्षा कोरडी जमीन महत्त्वाची असते. उंचवट्यावर मुरूम टाकून केलेला साधा गोठा मराठवाड्यात चालतो, तर कोकणच्या पावसात फटी ठेवलेल्या फळ्यांचा उंच माचा बरा.

खरेदी

जात आपल्या भागातली घ्यावी: मराठवाडा-सोलापुरात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी आणि सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. आठवडी बाजारात अनेक कळपांची जनावरे आणि त्यांचे रोग एकत्र येतात, म्हणून थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी एखाद्या ओळखीच्या कळपातून, मालकाच्या गोठ्यावर जाऊन खरेदी करावी.

तेथे घाई करू नये. दात पाहावेत, पुढचे दोन कायमचे दात आलेली शेळी साधारणपणे सव्वा ते दीड वर्षाची असते. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी: आतला भाग गुलाबी असावा, पांढरट दिसल्यास पोटात जंत असण्याची शक्यता असते. कास दाबून पाहताना गाठ लागू नये, दोन्ही सड सारखे असावेत आणि शेपटीखालचा भाग हगवणीने माखलेला नसावा. ‘गाभण आहे’ या नुसत्या शब्दावर जादा किंमत देऊ नये. विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक शेळी गाभणच असते.

पहिले तीन आठवडे

घरी आधीची जनावरे असतील, तर नव्या शेळ्या सुमारे २१ दिवस वेगळ्या बांधाव्यात. या काळात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासून जंतनाशक द्यावे आणि पीपीआर या शेळ्यांच्या संसर्गजन्य विषाणू रोगाची लस टोचून घ्यावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी दिली पाहिजे. या रोगाचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतात, मात्र एकदम भरपूर धान्य किंवा कोवळा लुसलुशीत चारा मिळाला की ते झपाट्याने वाढून विष तयार करतात, आणि संध्याकाळपर्यंत बागडणारे, कळपातले सर्वांत धष्टपुष्ट करडू सकाळी मेलेले आढळते. म्हणूनच कोणताही नवा चारा किंवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा.

वेत आणि विक्री

चार शेळ्यांसाठी बोकड सांभाळण्याची गरज नाही. एक बोकड २० ते २५ शेळ्यांना पुरतो, शिवाय त्याचा उग्र वास घराशेजारी नकोसा होतो. शेळी साधारणतः १८ ते २१ दिवसांनी माजावर येते, सतत ओरडते आणि शेपटी हलवते. तेव्हा तिला गावातल्या निरोगी, नात्यात नसलेल्या बोकडाकडे न्यावे. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. करडू जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावा.

करडांची वजने दरमहा ताणकाट्यावर करून वहीत लिहावीत, आणि विकताना व्यापाऱ्याला अंदाजाने सौदा करू न देता जिवंत वजनावर, किलोप्रमाणे दर ठरवावा.