कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची? आधी या चुका टाळा

"आमची ब्राउनी हीटवर आलीये. ओळखीत एखादा चांगला लॅब्राडोर नर आहे का?" असा फोन आला की मी नराबद्दल काही बोलतच नाही. आधी विचारते, पिल्लं आठ झाली तर कोणाकोणाकडे जाणार? नावं सांगा. पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते. मग उत्तर येतं, "अहो, लॅबची पिल्लं म्हटल्यावर हातोहात जातील."

पहिली चूक इथेच होते. हीट, म्हणजे माज, सुरू झाल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात तपासण्या होत नाहीत, घरं सापडत नाहीत आणि नरवाल्याची घाई तेवढी वाढते. दोन हीटमध्ये साधारण सहा-सात महिने जातात. पिल्लं हवीत की नकोत, हे त्या मधल्या काळात ठरवायचं. ठरत नसेल तर उत्तर 'नको' असंच समजा.

"एकदा तरी आई होऊ दे, नाहीतर गर्भाशयाचा आजार होतो"

हे वाक्य प्रेमापोटी येतं, म्हणून खोडताना जीवावर येतं. पण एकदा व्याल्याने कुत्रीला आरोग्याचा कुठलाही फायदा होत नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, पिल्लं झालेल्या मादीलाही होतो. हीट संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती खूप पाणी पिऊ लागली, जेवण टाकलं, उलट्या झाल्या किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यावर खात्रीचा उपाय नसबंदीच. पिल्लं होऊ द्यायची नाहीत असं ठरलं असेल तर ऑपरेशनची योग्य वेळ डॉक्टरांना विचारा. ती जात आणि आकारमानानुसार बदलते. तिला आई व्हायची हौस असते, हा आपला समज आहे. हीट हा शरीराचा धर्म, त्यात मनाची इच्छा शोधू नये.

पहिल्याच हीटला जोड लावणं

आठ-दहा महिन्यांची मादी स्वतःच पिल्लू असते, तिची हाडंही अजून वाढत असतात. आपल्याकडच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार नर-मादी दोघंही किमान 18 महिन्यांचे हवेत आणि व्यावसायिक ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत मी दोन वर्षं थांबायला सांगते, कारण खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे त्या वयात काढला तरच भरवशाचा असतो. वडिलांचे सांधे खराब असतील तर पिल्लांनाही तोच वारसा मिळू शकतो आणि दीड-दोन वर्षांच्या पोराला जिना चढताना कळवळताना बघावं लागतं.

कागद आहेत म्हणजे कुत्रा निरोगी आहे, असं धरू नका. वंशावळीचा दाखला आईबाप सांगतो, सांधे आणि डोळे सांगत नाही. दोघांची ब्रुसेला या मेटिंगमधून पसरणाऱ्या जंतूसाठी तपासणी करा, जननेंद्रियं डॉक्टरांकडून बघून घ्या. मेटिंगमधून पसरणारी गाठ, टीव्हीटी, आपल्याकडे भरपूर आढळते. नरवाला "आमच्या कुत्र्याला काही नाही हो" म्हणत तपासणी टाळत असेल तर तिथून उठा. आणि स्वभाव? घाबरट किंवा चावऱ्या कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

अकराव्या दिवसाचा हिशोब

रक्त दिसल्यापासून अकरा ते तेरा दिवसांत मेटिंग, हे गणित घरोघरी चालतं. काही माद्यांना ते लागू पडतं, काहींना आठव्या दिवशीच उशीर झालेला असतो, तर काहींची वेळ विसाव्या दिवशी येते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी दोन-तीनदा केली की नेमकी वेळ कळते आणि पुढे व्यायची तारीखही नीट काढता येते. लाल स्राव फिकट झाला की "संपली हीट" म्हणून मादीला मोकळं सोडतात. खरा धोका त्याच दिवसांत असतो. कंपाउंडवरून गल्लीतला कुत्रा आत येतो. मेटिंगमध्ये नर-मादी एकमेकांत अडकलेले असतील तर ओढू नका, पाणी ओतू नका. दहा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने आपोआप सुटतात. नको असलेलं मेटिंग झालं तर मेडिकलमधून माणसांची गोळी आणून देऊ नका, डॉक्टरांना भेटा.

कॅल्शियमची बाटली

ही चूक मी स्वतः केली आहे. आमची पहिली कुत्री पांढरी पॉमेरियन, चिकू. गाभण आहे कळल्यापासून मी तिला रोज दोन वेळा कॅल्शियमचं सिरप पाजलं. दुकानात सांगितलं होतं आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं. पाच पिल्लं झाली, सगळी गुटगुटीत. अठराव्या रात्री दीडच्या सुमारास ती पिल्लांतून उठली आणि लाकडाच्या पायांनी चालावं तशी चालू लागली. जोरजोरात धापा टाकत होती, कान थरथरत होते, अंगाला हात लावला तर चटका बसत होता. थर्मामीटर 105 च्या वर गेला होता. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम अगदी थेंबाथेंबाने दिलं, दुसरा हात स्टेथोस्कोपवर ठेवून, कारण भराभर दिलं तर हृदय थांबू शकतं. अर्ध्या तासाने तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

गाभणपणात वरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घ्यायची शरीराची यंत्रणा सुस्तावते. दूध भरात येतं तेव्हा मागणी एकदम वाढते आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. लहान जातींना, जास्त पिल्लं असतील तर, धोका अधिक. म्हणून गाभण मादीला शेवटच्या तीन-चार आठवड्यांत चांगलं पपी फूड द्या. कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

"कुत्र्यांना कुठे डॉक्टर लागतो?"

गाभणपण साधारण 63 दिवसांचं असतं. 55 व्या दिवसानंतरच्या एक्स-रेमध्ये पिल्लं मोजता येतात, म्हणजे शेवटचं आत राहिलं का ते कळतं. ताप मोजत राहा. तो 99 फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुधा दिवसभरात कळा सुरू होतात. अर्धा तास जोर लावूनही पिल्लू येत नसेल, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड पडला असेल किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर घरात बोट घालून ओढत बसू नका. सिझेरियन करणारा आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. पगसारख्या मोठ्या डोक्याच्या जातींत सिझेरियनची गरज पडण्याची शक्यता खूप असते. त्या खर्चाची तयारी नसेल तर मेटिंगच करू नका.

पिल्लांना आधी ऊब हवी, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, फुप्फुसात जाऊ शकतं. रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करा. वाढणं थांबलेलं पिल्लू रडण्याआधी काट्यावर कळतं.

महिन्याचं पिल्लू देऊन टाकणं

डोळे उघडले, खिमट चाटायला लागलं की लोक न्यायला येतात. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही, हेही 2017 च्या त्याच नियमांत आहे. चावा किती जोरात बसला की समोरचा केकाटतो, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. महिन्याचं नेलं तर ते शिक्षण तुमच्या मुलांच्या हातांवर होतं.

देताना घर बघून या आणि एक अट लिहून घ्या: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परत आमच्याकडेच येईल. चिकूच्या पाचांपैकी एक नऊ महिन्यांनी परत आला, नव्या भाड्याच्या घरात कुत्रा चालत नव्हता म्हणून. दारात उभा राहिला, आईला हुंगलं आणि तिच्या पाण्याच्या भांड्यात तोंड घातलं. तो पुढची तेरा वर्षं आमच्याकडेच होता.