घरात छोटा टेरियर असताना दुसरा कुत्रा कसा निवडावा

जॅक रसेल, यॉर्कशायर, फॉक्स टेरियर यांपैकी एखादा कुत्रा घरात दोन-तीन वर्षे रुळला, की त्याला सोबत म्हणून आणखी एक आणावा असा विषय घरात निघतो आणि बोलणे लगेच जातींच्या नावांवर येते. कुणाला लॅब्राडोर हवा असतो, कुणाला बीगल, तर कुणी पगच्या पिल्लाचा फोटो दाखवू लागते. पुण्यात आमच्या घरीही हेच झाले. त्या वेळी साडेपाच किलो वजनाची आमची जॅक रसेल, चिंगी, चार वर्षांची होती, आणि आम्ही तिच्याकडे एकदाही नीट न पाहता लॅब्राडोरच्या पिल्लासाठी आगाऊ रक्कम देण्यापर्यंत पोहोचलो होतो. तो बेत वेळीच मोडला. त्यानंतर सहा महिने शोध घेऊन जे शिकता आले, ते येथे क्रमाने मांडत आहे. नव्या कुत्र्याची निवड घरच्या टेरियरपासून सुरू करायची आणि जातीचा विचार त्यानंतर करायचा, या एका गोष्टीवर पुढचे सगळे उभे आहे.

१. घरच्या टेरियरची दोन आठवडे नोंद ठेवा

टेरियर हा शब्द 'जमीन' या अर्थाच्या 'टेरा' या लॅटिन शब्दावरून आला आहे. ब्रिटनमध्ये या कुत्र्यांची पैदास झाली ती बिळात शिरून कोल्ह्याला हुसकावण्यासाठी आणि कोठारांतले उंदीर मारण्यासाठी. जॅक रसेल ही जात ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन रसेल हे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातले धर्मगुरू होते. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी 'ट्रम्प' नावाची एक मादी विकत घेतली आणि तिच्यापासून ही पैदास सुरू झाली, असे मानले जाते. बिळाच्या अंधारात मालक सोबत नसतो, समोर दात विचकून बसलेले जनावर असते आणि पुढे जायचे की थांबायचे हे कुत्र्याला स्वतःच ठरवावे लागते. म्हणून मागे न हटणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. दिवाणखान्यातल्या टेरियरमध्येही तो स्वभाव शिल्लक असतो. दोन कुत्र्यांत ताण निर्माण झाला तर इतर अनेक कुत्री तोंड फिरवून बाजूला होतात. टेरियर बहुधा होत नाही. याचा सरळ अर्थ असा, की बाजूला होण्याचे शहाणपण दुसऱ्या कुत्र्याकडे असायला हवे, आणि ते भीतीपोटी आलेले नसावे.

आपला कुत्रा नेमका कशावरून भांडतो, हे वहीत लिहून काढा. जेवणाच्या भांड्याजवळ कुणी आले तर तो खाण्याचा वेग वाढवतो का, अंग ताठ करतो का, बिछान्यावरून उठवल्यास गुरगुरतो का, घरातल्या कोणा एका माणसाच्या मांडीवर असताना दुसऱ्याला जवळ येऊ देतो का, पट्ट्यावर असताना भुंकणारा तोच कुत्रा मोकळा सोडल्यावर शांतपणे हुंगतो का, हे सगळे टिपा. चिंगीच्या वहीत चौदा दिवसांत अकरा नोंदी झाल्या आणि त्यांपैकी सात सोफ्याच्या उजव्या कोपऱ्याच्या होत्या. खाण्यावरून ती फारशी भांडत नाही, जागेवरून भांडते, हे आम्हाला चार वर्षांत प्रथमच कळले. पिल्ले अंगावर चढलेली तिला मुळीच खपत नाहीत, हीदेखील नोंद त्यातच होती, आणि लॅब्राडोरच्या पिल्लाचा बेत मोडला तो त्या एका ओळीमुळे.

टेरियर दीड-दोन वर्षांचा झालेला नसेल किंवा हाक मारल्यावर येत नसेल, तर दुसऱ्या कुत्र्याचा विचार पुढे ढकलावा. तो दहाच्या पुढे असेल आणि सांधे दुखत असतील, तर पिल्लू आणून त्याच्या म्हातारपणाची झोप मोडू नये. तो दिवसभर एकटा राहून उशा फाडतो म्हणून दुसरा आणावा, हे कारणही पुरेसे नाही. टेरियरला रोज धावायला, उकरायला आणि शोधायला मिळाले नाही, तर दोन कुत्री मिळून उशा फाडतील.

२. नर की मादी

येथे फार विचार करावा लागत नाही. घरच्या कुत्र्याच्या विरुद्ध लिंगाचा कुत्रा आणावा आणि दोघांचीही नसबंदी झालेली असावी. टेरियर जातींमध्ये समान लिंगाच्या कुत्र्यांशी वैर धरण्याची खोड ठळक असते आणि एकाच घरातल्या दोन माद्यांमध्ये एकदा जुंपली, की ते भांडण मिटवणे बऱ्याचदा सर्वांत अवघड जाते. नसबंदी करायची नसेल, तर मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे दोघांना पूर्ण वेगळे ठेवावे लागते. दोन खोल्यांच्या घरात हे जमणार आहे का, याचे उत्तर आधी द्यावे.

३. वजनाची मर्यादा ठरवा

मोठा कुत्रा शांत असतो, म्हणून तो लहान टेरियरला सांभाळून घेईल, अशी समजूत सर्रास आढळते. मोठा कुत्रा खरोखर शांत असला तरी धोका उरतोच, कारण खोडी बहुधा टेरियर काढतो आणि ती निस्तरताना मोठ्या कुत्र्याला आपली ताकद मोजता येत नाही. तीस किलोच्या कुत्र्याने केवळ समज देण्यासाठी पंजा मारला, तरी तीन किलोच्या यॉर्कशायरचे बरगडीचे किंवा पायाचे हाड मोडू शकते. भांडणात मानेला धरून झटकले, तर डॉक्टरकडे नेईपर्यंत वेळ मिळेलच असे नाही. शिवाय छोटे जनावर किंचाळत पळू लागले, की काही कुत्र्यांमधली शिकारीची वृत्ती अचानक जागी होते. एरवी महिनोन्‌महिने शेजारी झोपणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही हे घडू शकते, आणि त्या क्षणी त्याला दोष देऊन काही साधत नाही.

म्हणून मी एक ढोबळ मर्यादा पाळण्याचा सल्ला देतो: नव्या कुत्र्याचे पूर्ण वाढ झाल्यावरचे वजन टेरियरच्या तिपटीहून फारसे अधिक नसावे. सहा किलोच्या जॅक रसेलसाठी अठरा-वीस किलोपर्यंत ठीक आहे. यॉर्कशायरचे आदर्श वजन ३.२ किलोपर्यंतच धरले जाते, तेव्हा त्याच्या घरात दहा किलोच्या वरचा कुत्रा आणताना दहा वेळा विचार करावा. हा काही शास्त्राचा नियम नाही, पण पिल्लाचा फोटो पाहून मोहात पडलेल्या घराला लगाम घालण्यास तो उपयोगी पडतो.

४. आता जातींकडे वळा

जात म्हणजे स्वभावाचा अंदाज असतो, हमी नसते. तरीही कोणते काम करून घेण्यासाठी ती जात घडवली गेली, हे ठाऊक असेल तर अंदाज पुष्कळ नेमका होतो.

बीगल हा माझ्या मते विकत घ्यायच्या जातींमध्ये टेरियरला सर्वांत जुळणारा सोबती आहे. ससे हुडकण्यासाठी बीगल मोठ्या टोळ्यांनी पाळले जात, त्यामुळे टोळीत न भांडता राहणारी कुत्रीच पैदाशीसाठी ठेवली गेली, आणि ही सोशिकता त्याच्या अंगी मुरली आहे. खांद्याशी उंची ३३ ते ४० सेंटिमीटर, शरीर भरीव, आणि टेरियरच्या धसमुसळ्या खेळाला पुरून उरेल इतका उत्साह. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे त्याचे हेल काढून ओरडणे, जे इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. दुसरी म्हणजे खादाडपणा, आणि आपला टेरियर भांड्यावरून गुरगुरणारा असेल तर ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी ठरते.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हा स्वभावाने अतिशय नमता आणि प्रेमळ कुत्रा आहे. मात्र या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो, तेव्हा आईबापांची हृदयतपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पगही भांडकुदळ नसतो, पण चपट्या नाकामुळे त्याला श्वास अपुरा पडतो आणि विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात टेरियरच्या मागे धावण्याचा हट्ट त्याच्या जिवावर बेतू शकतो. डॅक्सहुंडचे मूळ कामही बिळात शिरण्याचेच, म्हणजे तोही तितकाच हट्टी. शिवाय लांब पाठीमुळे त्याच्या मणक्याला इजा होण्याची भीती असते, त्यामुळे टेरियरसारख्या अंगावर उड्या घेणाऱ्या सोबत्याबरोबर मी त्याला ठेवणार नाही. पॉमेरेनियन आणि आपल्याकडचा स्पिट्झ वाईट नाहीत, फक्त दारावरची घंटा वाजल्यावर दोघे मिळून किती भुंकतील, याचा अंदाज शेजाऱ्यांच्या बाजूनेही घ्यावा.

लॅब्राडोर स्वभावाने उत्तम, पण पूर्ण वाढलेला लॅब्राडोर पंचवीस ते छत्तीस किलोंचा होतो आणि पहिली दोन वर्षे त्याला स्वतःच्या अंगाचा अंदाज नसतो. आणायचाच असेल तर चार-पाच वर्षांचा, निवळलेला आणावा. कारवान आणि मुधोळ हे आपल्या मातीतले देखणे शिकारी कुत्रे. त्यांच्याविषयी मला मनापासून अभिमान वाटतो. पण पळणाऱ्या सशावर नजर रोखून झेपावण्यासाठी घडवलेल्या कुत्र्यापुढे पाच किलोचे चपळ, किंचाळणारे जनावर मोकळे सोडणे मला योग्य वाटत नाही. दुसरा टेरियर आणण्याचा मोह अनेकांना होतो. दोघेही मागे न हटणारे असतील तर भांडण कोण थांबवणार, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

राहिला आपला गावठी कुत्रा, आणि माझा कौल त्यालाच आहे. तो बहुधा पंधरा-वीस किलोंचा, येथल्या हवेला सरावलेला आणि काटक असतो. चार कुत्र्यांत वाढलेल्या प्रौढ गावठी कुत्र्याला दुसऱ्याची मान, शेपूट आणि कान वाचता येतात; कोणाला रस्ता द्यावा आणि कोणाशी खेळावे, हे तो रस्त्यावर शिकलेला असतो. पिल्लाच्या बाबतीत स्वभाव कसा निघेल याची वाट पाहावी लागते; दोन-तीन वर्षांच्या दत्तक कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. अर्थात माणसांना बिचकणारा किंवा लहान कुत्र्यांच्या अंगावर जाणारा गावठी कुत्राही असतो. म्हणूनच पुढची पायरी टाळता येत नाही.

५. जात ठरल्यावर तो एक कुत्रा पारखा

पिल्लू विकत घ्यायचे असेल तर ते आठ आठवड्यांपेक्षा लहान नसावे; त्याहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान पैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार मनाई आहे आणि पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. आम्हाला एका विक्रेत्याने आई दाखवण्यास तीनदा टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही तेथून उठून आलो. दत्तक घेताना निवाऱ्यातल्या माणसाला असे विचारावे, की हा कुत्रा लहान कुत्र्यांबरोबर राहिला आहे का, आणि दुसऱ्याने गुरगुरल्यावर तो काय करतो. घरी आणण्यापूर्वी लसीकरण, गोचीड आणि जंत यांची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी, तसेच आपल्या महापालिकेचा श्वान परवाना दुसऱ्या कुत्र्यासाठीही काढावा. सोसायटी आडकाठी करू लागली, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. त्यांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही.

६. पहिली भेट घराबाहेर घडवा

भेटीची जागा दोघांपैकी कोणाचीही नसावी. आम्ही घरापासून लांब, एका टेकडीच्या पायथ्याशी सकाळी साडेसहाला गेलो. तीन वर्षांचा, सतरा किलोचा बंडू निवाऱ्यातल्या ताईंच्या हाती होता आणि चिंगी माझ्या. दोघांमध्ये पंधरा-वीस फूट अंतर ठेवून आम्ही एकाच दिशेने चालत राहिलो. समोरासमोर आणले नाही. पहिली दहा मिनिटे चिंगीच्या मानेवरचे केस पिंजारलेले होते आणि शेपटी काठीसारखी ताठ होती. बंडूने एकदा तिच्याकडे पाहिले, मान वळवली आणि बाजूचे गवत हुंगू लागला. अंतर हळूहळू कमी केले. जवळ आल्यावर चिंगी दात दाखवून गुरगुरली, तेव्हा तो दोन पावले मागे सरला, पण शेपूट पायांत घातली नाही आणि थोड्या वेळाने वळसा घालून पुन्हा मागून हुंगायला आला. आम्हाला हवा असलेला कुत्रा तो हाच, हे त्या वळशातून कळले.

अशा तीन-चार भेटी वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात. पट्टा हातात असावा, पण ताणलेला नसावा. नवा कुत्रा डोळे रोखून, अंग स्थिर करून टेरियरकडे पाहत राहिला आणि हाक मारल्यावरही नजर हटवत नसेल, किंवा उलट थरथर कापत पायांमागे लपत असेल, तर कितीही आवडला तरी तो आपल्या घरासाठी नाही.

७. घरी आणल्यानंतरचे पहिले महिने

दोघांना एकत्र फिरवून आणतच घरात प्रवेश करावा. त्याआधी खेळणी, हाडे आणि भांडी उचलून ठेवावीत. जेवण वेगळ्या खोल्यांत, पाण्याची भांडी दोन, बिछाने दोन, आणि घरात कुणी नसताना दोघांमध्ये बंद दार किंवा लाकडी अडसर हवाच. आमच्याकडून चूक झाली ती नवव्या दिवशी. दोघे शांत आहेत असे पाहून बंडूला सोफ्याजवळ बसू दिले, आणि चिंगी उजव्या कोपऱ्यातून थेट त्याच्या कानावर झेपावली. कानाला टाका पडला. वहीतली नोंद आमच्यासमोर होती आणि ती आम्ही विसरलो, याचे वाईट अजूनही वाटते. त्यानंतर सोफा दोन महिने दोघांनाही बंद केला आणि दोघांसाठी खिडकीखाली वेगवेगळ्या सतरंज्या घातल्या.

गुरगुरण्याबद्दल टेरियरला रागावू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती दाबली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. त्याऐवजी दोघांमधले अंतर वाढवावे आणि नव्या कुत्र्याच्या उपस्थितीत टेरियर शांत राहिला, की लगेच खाऊ द्यावा. रोज किमान वीस मिनिटे टेरियरला एकट्याला फिरवावे, जेणेकरून आपला माणूस गेला असे त्याला वाटणार नाही. रक्त येण्याइतकी दोन भांडणे झाली, तर आणखी वाट न पाहता पशुवैद्याचा आणि प्राण्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

आमच्या घरातला लाकडी अडसर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी निघाला. जेवणाची भांडी मात्र आजही एक स्वयंपाकघरात आणि एक गॅलरीत लागते.