साडेपाचची चपाती

दारू सोडून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवातीला डॉक्टर असतात, घरचे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. मग सगळे आपापल्या कामाला लागतात. त्यापुढची वर्षं कशी काढायची, हे मला पडून शिकावं लागलं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, राहायला कळव्याला. 2015 साली दारू सुटली. 2018 च्या मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीत पुन्हा प्यायलो, अकरा दिवस. त्यानंतर आजवर नाही.

त्या हळदीचं आधी सांगतो. आदल्या रात्री मांडवाच्या कामात झोप झाली नव्हती. सकाळी मोठ्या भावाशी पैशांवरून वाजलं, त्या रागात दुपारी जेवलो नाही. आणि त्याआधीचे तीन महिने दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगला गेलो नव्हतो, कारण ‘आता आपल्याला काय होतंय’ असं वाटायला लागलं होतं. रात्री बेंजोच्या आवाजात कोणीतरी हातात स्टीलचा ग्लास दिला, कोल्ड्रिंक म्हणून. नाकाजवळ नेताच वास कळला. ग्लास खाली ठेवायला दोन सेकंद मिळाले होते. ठेवला नाही.

सगळे त्या ग्लासाला दोष देतात. पण माझी स्लिप, म्हणजे पुन्हा पिण्याकडे घसरणं, फेब्रुवारीत, मीटिंग सुटली तेव्हाच सुरू झाली होती.

मीटिंगमध्ये चार गोष्टी सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातल्या भुकेकडे कोणी लक्ष देत नाही. संध्याकाळी सहा ते साडेआठ ही आपली जुनी पिण्याची वेळ. त्या वेळी पोट रिकामं असलं की शरीर भूक आणि तलफ यांत फरक करत नाही. म्हणून मी साडेपाचला, सुटी व्हायच्या आधी, मशीनजवळ उभ्यानेच एक चपाती खातो. बायको सकाळी शेंगदाण्याची चटणी लावून, गुंडाळी करून वेगळ्या फडक्यात देते. दुपारच्या डब्यात ठेवली तर दुपारीच संपते, म्हणून वेगळी. एवढी वर्षं झाली, अजून चालू आहे. तुम्ही चणे खा, केळं खा, पण ठाणे स्टेशनला उपाशी पोटी पोचू नका.

तरी तलफ आलीच तर जागा सोडा आणि चालायला लागा. मी ठाण्याच्या तलावपाळीला, तळ्याकाठी, फेऱ्या मारतो आणि चालता चालता फोन करतो. वीस-तीस मिनिटांत ती बहुतेक वेळा उतरते. फोन कोणाला करायचा, ते आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी डोकं चालत नाही.

तब्येतीचं. दारू सुटली की गोड खावंसं वाटतं. मी दिवसाला आठ-नऊ कप चहा प्यायचो, प्रत्येकात दोन चमचे साखर. शेवटी रक्तातली साखर वाढली तेव्हा जाग आली. वर्षातून एकदा लिव्हरची तपासणी, साखर आणि बीपी बघून घ्या. झोप नीट यायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून मनाने झोपेच्या गोळ्या सुरू करू नका, त्यांचीही सवय लागते. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी आधी सांगा की मी दारू सोडलेला माणूस आहे. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, काहींत कोडीन, त्याचीही सवय लागते. लाज वाटते, मलाही वाटायची. तरी सांगा.

आणि तंबाखू. ‘दारू सोडली, एवढं तरी राहू दे’ असं आपण म्हणतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा मीटिंगवाला गट, ज्यांनी 1935 साली उभा केला, त्यांच्यातले बिल विल्सन. छत्तीस वर्षं ते दारूपासून लांब राहिले, पण सिगारेटने फुप्फुसं गेली आणि 1971 साली वारले. हे वाचल्यावर मी मळायची डबी टाकली.

घरच्यांनाही एक हात जोडून सांगणं आहे. दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी चोरून भाजी-आमटीत घालू नका. ती पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम पडतं, हृदयावर येतं, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका असतो. ती डॉक्टरांनी, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. तसंच रोज तोंडाचा वास घेऊ नका. माझी बायको घ्यायची. मग आम्ही ठरवलं की मी घरी आल्यावर पाच मिनिटं तिच्यासमोर बसून दिवस कसा गेला ते सांगायचं. तिला त्यातच सगळं कळतं.

स्लिप झालीच तर त्याच रात्री कोणाला तरी सांगा. मी अकरा दिवस लपवलं म्हणून ते अकरा दिवस झाले. आणि काही दिवस सलग पिणं झालं असेल तर घरी एकदम बंद करू नका. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. सरळ डॉक्टरांकडे जा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416 हे सरकारी नंबर आहेत, पैसे पडत नाहीत.

गटारीच्या आदल्या आठवड्यात येऊरला जायचे बेत सुरू होतात. विचारायची वाट बघू नका, आधीच ‘मी नाही’ म्हणून सांगून टाका आणि त्या संध्याकाळची मीटिंग पकडा. लग्नाला जायचं, हळदीला नाही. येत्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. ज्या भावाशी तेव्हा वाजलं होतं, त्याचाच मुलगा. मी भावाला आत्ताच सांगून ठेवलंय, हळदीच्या रात्री मला धरू नकोस, लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मांडवात पहिला मी असेन. तो म्हणाला, ‘मग सकाळच्या चहाचं तूच बघ.’